पाचोळ्यातला कस्तूर: नारिंगी डोक्याचा थ्रश दिसतो कसा, खातो काय आणि राहतो कुठे

फोटोत बघितलं तर वाटतं हा पक्षी जंगलात लांबूनही डोळ्यात भरेल. डोकं, मान, छाती, पोट सगळं नारिंगी, पाठ आणि पंख निळसर राखाडी, खांद्यावर पांढरा डाग, इतका रंगीत पक्षी लपणार तरी कुठे? आणि प्रत्यक्षात कर्नाळ्याच्या नाहीतर माथेरानच्या पायवाटेवरून माणसं त्याच्या अगदी शेजारून जातात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. पक्षी बघायचे म्हटलं की आपण सगळे मान वर करून झाडांचे शेंडे धुंडाळतो, आणि हा असतो खाली, दाट सावलीत, पाचोळ्यात. त्याचं खाणं तिथे, लपणं तिथे, पिल्लांना भरवायला लागणारं सगळं तिथलंच. मला स्वतःला झाडाखालची जमीन नीट बघायची सवय ह्याच पक्ष्यामुळे लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी नाव. मराठीत नारिंगी डोक्याचा कस्तूर, इंग्रजीत ऑरेंज-हेडेड थ्रश, शास्त्रीय नाव जिओकिक्ला सिट्रिना. १७९० साली जॉन लॅथम ह्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. मधली बरीच वर्षं तो झूथेरा नावाच्या गटात धरला जायचा, मग डीएनए तपासून पक्ष्यांची नाती लावायला सुरुवात झाली आणि लक्षात आलं की झूथेरा म्हणून एकत्र ठेवलेले सगळे काही एकमेकांचे जवळचे नाहीत, तेव्हा ह्याला आणि ह्याच्यासारख्या वीसेक जातींना वेगळं काढलं. जुन्या फील्ड गाईडमध्ये झूथेरा सिट्रिना लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, पक्षी तोच. आणि आपल्याकडे नुसतं कस्तूर म्हटलं की बऱ्याच जणांना ओढ्याकाठी पहाटे माणसासारखी शीळ घालणारा काळा-निळा पक्षी आठवतो, तो मलबार व्हिसलिंग थ्रश, तो निराळा. त्याच्या नावात थ्रश असलं तरी आता त्याला फ्लायकॅचरच्या, म्हणजे माशीमार पक्ष्यांच्या, कुटुंबात धरतात. आपला नारिंगी कस्तूर मात्र खऱ्या थ्रशच्या कुटुंबातला आहे.

आता दिसायला कसा ते. लांबी साधारण २१ ते २३ सेंटीमीटर, वजन ५० ते ६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बुलबुलापेक्षा जरा मोठा आणि साळुंकीपेक्षा जरा लहान. पण बुलबुलासारखा सडपातळ नाही, अंगाने गुबगुबीत, शेपूट आखूड, पाय मजबूत. जमिनीवर जगणाऱ्या पक्ष्याला पाय चांगले लागतातच. चोच काळपट आणि सरळ, पाय फिकट गुलाबीसर, डोळा मोठा आणि गडद. पोटाखाली शेपटीच्या मुळाशी मात्र नारिंगी संपून पांढरं सुरू होतं. नराची पाठ स्वच्छ निळसर राखाडी असते, मादीची तपकिरी-हिरवटाकडे झुकते आणि तिचा नारिंगीही थोडा दबलेला असतो. पिल्लं तर आणखीनच मळकट, तपकिरी अंगावर पिवळट रेघा, पहिल्यांदा बघणाऱ्याला ती ह्याच पक्ष्याची आहेत हे पटत नाही.

ह्यात आपल्याकडच्या कस्तुराची एक खास खूण आहे आणि मला ती फार आवडते. चेहरा नीट बघितला तर गाल आणि गळा पांढरा असतो आणि त्या पांढऱ्यावर दोन गडद तपकिरी उभे पट्टे असतात, एक डोळ्यातून खाली उतरलेला आणि दुसरा कानाजवळून. बाकी डोकं नारिंगी. दुर्बिणीतून हा चेहरा एकदा दिसला की आयुष्यात दुसऱ्या कुठल्या पक्ष्याशी गल्लत होत नाही. पण हिमालयातल्या कस्तुराला हे पट्टे नसतात, त्याचा चेहरा सरळसोट नारिंगी. जात एकच, उपजाती वेगळ्या. अशा अकरा-बारा उपजाती मानल्या जातात आणि त्यांचा पसारा केवढा तर भारतीय उपखंडापासून दक्षिण चीन, थायलंड, मलेशिया, बोर्निओतला किनाबालू डोंगर, जावा, बाली इथपर्यंत, शिवाय अंदमानची वेगळी आणि निकोबारची वेगळी. काहींच्या पंखावर तो पांढरा डाग असतो, काहींच्या नसतो. आपल्या द्वीपकल्पातल्या उपजातीचं नाव सायनोटा, १८२८ साली जार्डिन आणि सेल्बी ह्या दोघांनी तिचं वर्णन केलं.

ह्या दोन चेहऱ्यांचा फायदा असा की हिवाळ्यात फिरताना तुम्हाला पाहुणा आणि घरचा ओळखता येतो. हिमालयातले कस्तूर उन्हाळ्यात साधारण १८०० मीटरपर्यंतच्या जंगलात वीण करतात आणि थंडीत खाली, दक्षिणेकडे येतात, काही तर पार श्रीलंकेपर्यंत जातात. आपला पट्टेवाला बारा महिने इथलाच, फार तर उन्हाळ्यात जिथे ओल टिकते तिकडे सरकतो आणि पाऊस सुरू झाला की परत पसरतो. त्यामुळे जानेवारीत कुठे कस्तूर दिसला तर आधी गालाकडे बघा, पट्टे आहेत की नाहीत ते. फोटो काढलात तर तोही बाजूने काढा, पाठमोऱ्या फोटोवरून उपजात सांगणं कठीण जातं.

उडताना अजून एक गोष्ट दिसते, पंखांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या आणि गडद रंगाचे ठळक पट्टे. पंख मिटले की गायब. ह्या गटातल्या बऱ्याच जातींमध्ये ही खूण आहे. तो वाटेवरून भुर्रकन आडवा गेला आणि पंखाखाली काहीतरी पांढरं चमकलं तर जिथे शिरला तिथे लगेच जाऊ नका. तो लांब जातच नाही. दचकला की जवळच्याच एखाद्या खालच्या फांदीवर जाऊन बसतो आणि मग पुतळ्यासारखा स्तब्ध, पाच-पाच मिनिटं हलत नाही. आपण थांबलो तर तो परत खाली येतो, आपण मागे लागलो तर संपलं.

आता मुख्य मुद्दा, पाचोळा. आमच्याकडे कोकणात पातेरा म्हणतात. सह्याद्रीतली बरीच झाडं फेब्रुवारी-मार्चपासून पानं गाळतात आणि एप्रिलपर्यंत झाडाखाली घोट्याइतका थर साचतो. वरून बघितलं तर तो नुसता कोरडा कचरा वाटतो. पण हाताने वरची पानं बाजूला करून बघा, खाली ओलसर, काळपट, अर्धी कुजलेली पानं लागतात, पांढऱ्या बुरशीचे धागे पसरलेले असतात, आणि अजून खाली माती आणि पान वेगळं करता येत नाही असा थर. ह्या थरात वाळवी, मुंग्या, गोगलगायी, वाणी, झुरळं (जंगली, घरातली नव्हेत), रातकिडे, भुंगेऱ्यांच्या अळ्या, कोळी, गांडुळं असं सगळं जगतं. पान पडल्यावर बुरशी आणि जिवाणू ते मऊ करतात, ते मऊ झालेलं पान हे बारके जीव खातात, आणि त्या जिवांना कस्तूर खातो. म्हणजे झाडाने टाकलेलं पान दोन-तीन हातांतून फिरून कस्तुराच्या पोटात जातं. उघड्या मातीत, झाडून लख्ख केलेल्या जमिनीवर ही साखळी सुरूच होत नाही, कारण ऊन थेट पडतं, ओल उडते आणि ओल उडाली की गांडुळं खोल जातात, बाकीचे तर राहतच नाहीत.

त्याची जेवायची पद्धत बघण्यासारखी आहे. दोन-तीन उड्या मारतो, थांबतो. मान तिरकी करतो. मग चोचीने एक पान धरतो आणि बाजूला भिरकावतो, उजवीकडे एक, डावीकडे एक, खसाखस, ढीग पडतो बाजूला. मध्ये परत थांबतो, मान तिरकी, आणि मग एकदम चोच मातीत खुपसून गांडूळ ओढतो. गांडूळ मोठं असलं तर पाय रोवून मागे रेटा देत ओढतो, तुटू न देता, सावकाश. गोगलगाय किंवा मोठा किडा सापडला तर जमिनीवर आपटून मग गिळतो. शांत जंगलात हा पानांचा खसखस आवाज बराच लांब ऐकू येतो आणि खरं सांगायचं तर कस्तूर आधी कानाने सापडतो, मग डोळ्याने. सातभाईसुद्धा पाचोळा उडवतात पण ते टोळीने असतात आणि सतत कलकलाट करत असतात. एकटाच कोणीतरी, थांबून थांबून पानं उलटतोय असा आवाज आला तर समजा हाच. मुंगूस किंवा सरडा असेल तर आवाज सलग सरकत जातो.

ती मान तिरकी करणं कशासाठी, हा प्रश्न पक्षी अभ्यासकांनाही बरीच वर्षं पडलेला होता. ऐकायला की बघायला? ह्याच कुटुंबातल्या अमेरिकन रॉबिनवर ह्याचे प्रयोग झालेत. आधीच्या एका अभ्यासाचं म्हणणं होतं की तो डोळ्यांनीच शोधतो, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोरची जमीन एका डोळ्याने नीट बघायची तर मान वाकडी करावीच लागते. मग १९९७ मध्ये कॅनडातले माँटगोमेरी आणि वेदरहेड ह्या दोघांनी वेगळा प्रयोग केला, अळ्या मातीत पुरल्या म्हणजे दिसणार नाहीत, वासाचा आणि कंपनाचा आधारही एकेक करून काढून घेतला, तरी रॉबिन त्या शोधून काढत होते. मग खरखर असा एकसारखा आवाज चालू ठेवला तेव्हा त्यांचं यश कमी झालं. म्हणजे कानाचाही वापर होतो. हा प्रयोग आपल्या कस्तुरावर केलेला नाही पण कुटुंब एक, खायची पद्धत एक, आणि ती मानेची हालचालही तीच, त्यामुळे मला तरी वाटतं की पाचोळ्याखालची बारीक हालचाल हा पक्षी ऐकत असणार. म्हणूनच त्याला बघायला जाताना मोबाईलवर गाणी लावून जाऊ नये, आपल्यालाही तो ऐकू येत नाही आणि त्यालाही त्याचं जेवण.

डोळा मोठा का असतो तेही ह्याच्याशीच जोडलेलं आहे. दाट झाडीखाली दुपारीसुद्धा उजेड कमी असतो आणि कस्तूर जास्त करून खातो तो अगदी पहाटे आणि संध्याकाळी उशिरा. मोठ्या डोळ्यात जास्त उजेड शिरतो, त्यामुळे दुसरे पक्षी झोपायला गेले तरी हा पाचोळ्यात असतो. दिवेलागणीला जंगलातून परत येताना वाटेवर काहीतरी उड्या मारत पुढे पुढे जाताना दिसतं, ते पुष्कळदा हाच असतो.

फक्त किड्यांवर तो जगत नाही. फळंही भरपूर खातो. उंबर, वड, पिंपळाच्या गटातली फळं झाडाखाली पडतात ती, पेरू, आणि घाणेरीची काळी बोरं, टणटणी म्हणतात ती. घाणेरीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं कारण गोष्ट सरळ नाही. ही झुडपं मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेत लावायला आणली आणि आज ती आपल्या जंगलांत इतकी माजली आहेत की खालची देशी रोपं वर येऊ शकत नाहीत. कस्तूर, बुलबुल ही फळं खातात आणि बिया लांब लांब टाकतात, म्हणजे तिच्या पसरण्यात त्यांचाही हात आहे. पण त्याच घाणेरीच्या गचपणात त्याला सावली मिळते, लपायला जागा मिळते. म्हणून एखाद्या डोंगरावर घाणेरी काढायची मोहीम असली की मी एवढंच म्हणते, काढाच, पण एका झटक्यात सगळा उतार बोडका करू नका, टप्प्याटप्प्याने काढा आणि मागोमाग करवंद, रामेठा, कुडा असली इथली झुडपं येऊ द्या. नाहीतर जमीन उघडी पडते आणि मग कस्तूर नाही, गांडूळ नाही, पहिल्या पावसात माती पण नाही.

त्याच्या राहण्याच्या जागेचं गणित तीन गोष्टींचं आहे: सावली, ओल आणि पाचोळा. झाड कोणतं ह्याला तो तेवढं महत्त्व देत नाही. दमट सदाहरित जंगल, पानगळीचं दाट जंगल, बांबूची बेटं, ओढ्याची घळ, कॉफीचे मळे, जुन्या आमराया, मोठी झाडं असलेले बंगले आणि कॉलेजचे कॅम्पस, सगळीकडे तो राहतो, फक्त ह्या तिन्ही गोष्टी पाहिजेत. उघड्या माळावर, शेतात, गवताळ पठारावर तो दिसणार नाही. उन्हाळ्यात ओल कमी होत जाते तसा तो ओढ्याच्या काठाकाठाने सापडतो, आणि पाणी दिसलं की आंघोळ केल्याशिवाय राहत नाही. कर्नाटकात दांडेलीजवळ गणेशगुडीला पक्ष्यांसाठी पाण्याची छोटी डबकी ठेवलेली आहेत, तिथे उन्हाळ्यात अगदी हातभर अंतरावर कस्तूर पाण्यात पंख फडफडवताना बघायला मिळतो, महाराष्ट्रातून फोटोग्राफर मुद्दाम तिथे जातात.

आपल्याकडे ह्या जागा कुठल्या तर पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य, जे १९६८ साली झालं, बोरिवलीचं नॅशनल पार्क, माथेरान, फणसाड, महाबळेश्वर, आंबोली, गोव्यात बोंडला आणि खोतीगाव. माथेरानला बाहेरच्या मोटारगाड्यांना बंदी आहे, झाडं जुनी आणि दाट, पाचोळा वाटेच्या कडेला पडलेला राहतो, म्हणून तिथे तो माणसांना बऱ्यापैकी सरावलेला दिसतो. आणि देवराया. कोकणात, मावळात, मुळशीकडे गावोगावी देवाच्या नावाने राखलेलं रान असतं, त्यातलं लाकूड तोडायचं नाही ही रीत सगळ्यांना माहीत असते, पण बऱ्याच देवरायांत वाळकी काटकी आणि पाचोळासुद्धा बाहेर न्यायचा नाही असा नेम आहे. पिढ्यान्‌पिढ्या न हललेला पाचोळा! आजूबाजूचा डोंगर उघडा झाला तरी दोन-चार एकरांच्या देवराईत कस्तूर टिकून राहतो तो ह्या नेमामुळे, असं मला मनापासून वाटतं.

ह्याच पाचोळ्यावर जगणारा दुसरा देखणा पक्षी म्हणजे नवरंग. तो पावसाच्या तोंडावर कोकणात वीण करायला येतो, कस्तूर इथलाच. दोघं एकाच जमिनीवर खातात. एका जागी नवरंग दिसला तर तिथे कस्तूर असायची शक्यता चांगली असते, कारण दोघांना हवं ते सारखंच आहे.

वीण पावसाळ्यात, मुख्यतः जून ते सप्टेंबर. ह्याला कारण आहे. पहिला पाऊस पडला की वाळवीला पंख फुटून ती ढिगाने बाहेर पडते, गांडुळं वर येतात, गोगलगायी बाहेर निघतात, पाचोळ्याखाली एकदम सुकाळ होतो. पिल्लांचं नुसत्या फळांवर भागत नाही, वाढायला प्रोटीन लागतं, आणि ते ह्याच तीन-चार महिन्यांत भरपूर मिळतं. घरटं नर-मादी दोघं मिळून बांधतात, फार उंच नाही, बहुतेक वेळा माणसाच्या डोक्याच्या आसपास ते पंधरा फुटांपर्यंत. आंब्याचा दुबेळका, कॉफीचं झुडूप, असल्या जागा आवडतात. काटक्या आणि मुळ्यांची पसरट वाटी, आत मऊ मुळ्या, पानं, शेवाळ. अंडी तीन-चार, फिकट क्रीम किंवा किंचित निळसर-हिरवट, त्यावर लालसर तपकिरी ठिपके. तेरा-चौदा दिवस उबवणं आणि मग साधारण बारा दिवसांत पिल्लं घरटं सोडतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बारा दिवसांचं पिल्लू घरट्यातून बाहेर येतं तेव्हा त्याला धड उडता येत नसतं. ते झुडपात, जमिनीवर बसून राहतं आणि आई-बाप तिथे येऊन भरवतात. हे ह्या पक्ष्यांचं नेहमीचंच आहे. आपल्याला वाटतं बिचारं पडलं आणि आपण ते उचलून घरी आणतो, दूध-पाव देतो आणि ते मरतं. पिल्लाला पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल, तर त्याला तिथेच राहू द्या, फार तर कुत्र्या-मांजरापासून वाचवायला शेजारच्या झुडपात जरा वर ठेवा आणि लांब जा. आपण जवळ उभे राहिलो तर आई येत नाही. रक्त आलेलं असेल, पंख लोंबत असेल, तरच वनखात्याला किंवा जवळच्या पक्षी वाचवणाऱ्या गटाला कळवायचं.

चातकाचा पण ह्यात संबंध आहे. आपण चातकाला पावसाची वाट बघणारा म्हणून ओळखतो पण तो स्वतः घरटं बांधत नाही, दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतो, जास्त करून सातभाईंच्या, आणि कधीकधी कस्तुराच्याही.

गाणं. हिवाळ्यात कस्तूर जवळजवळ मुका असतो, फार तर दचकल्यावर एक बारीक टोकदार आवाज काढतो किंवा हलकंसं चक्‌ चक्‌. पण उन्हाळा संपत आला, आभाळ भरायला लागलं की तो बोलायला लागतो, आणि मग पूर्ण पावसाळाभर पहाटे आणि दुपारनंतर झाडाच्या पानांआड बसून गातो. गोड, स्वच्छ, मोठ्या आवाजातले सूर, मध्ये थांबून नवीन ओळ, आणि त्यात दुसऱ्यांच्या नकला, बुलबुलाची, शिंपी पक्ष्याची, सातभाईंची. थ्रश कुटुंब गाण्यासाठी जगभर नावाजलेलं आहे आणि त्याचं कारण त्यांच्या शरीराच्या रचनेत आहे. पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा कंठातून येत नाही, श्वासनलिका जिथे दोन फुफ्फुसांकडे फुटते तिथे त्यांचं आवाजाचं इंद्रिय असतं, त्याचे दोन भाग वेगवेगळे चालवता येतात आणि थ्रश दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन सूर काढू शकतात. पावसात भिजलेल्या जंगलात हे गाणं ऐकणं ह्याच्यासारखं सुख नाही, आणि गाणारा दिसावा असा हट्टही मी धरत नाही, कारण तो पानाआड बसतो तो दिसू नये म्हणूनच.

ह्याच गाण्याने जावा-बालीत त्याचं वाईट केलंय. इंडोनेशियात त्याला अनिस मेराह म्हणतात, तिथे पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा होतात, मोठी बक्षिसं असतात, आणि हा पक्षी गाताना मान डोलवतो त्याचं तिथे भारी कौतुक. परिणाम असा की घरट्यांतून पिल्लं उचलली जातात, जंगलात जाळी लावली जातात, आणि एकेकाळी सर्रास दिसायचा तिथे आता रान शांत झालंय. जगाचा हिशोब केला तर जात धोक्यात नाही, धोक्यातल्या जीवांची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएन संस्थेच्या यादीत ती कमी चिंतेच्या वर्गात आहे, पण यादीतला तो शब्द पूर्ण पसाऱ्याचा असतो, एखाद्या बेटाचा नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी रानपक्षी पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. बाजारात कुणी जंगली पक्षी विकताना दिसला तर दया येऊन विकत घेऊन सोडू नका, त्याने विकणाऱ्याचा धंदाच चालतो, वनखात्याला कळवा.

आपल्याकडचा धोका जाळ्याचा कमी आणि जाळायचा जास्त आहे. फेब्रुवारी ते मे सह्याद्रीत वणवे लागतात, त्यातले बहुतेक माणसानेच लावलेले, कुणाला वाटतं गवत चांगलं येईल, कुणी विडी टाकतो. मोठी झाडं वाचतात त्यामुळे लांबून जंगल ठीक दिसतं, पण पाचोळ्याचा अख्खा थर राख झालेला असतो आणि पुढच्या पावसात ज्या सुकाळावर कस्तुराची पिल्लं वाढायची तो येतच नाही. दुसरी गोष्ट राब. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजायला कोकणात पातेरा, शेण, फांद्या वापरतात, ही फार जुनी रीत आहे, शेतकऱ्याची गरज आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, आता काही ठिकाणी राब न करताही रोप टाकतात ते वाढतंय हे चांगलं. पण शहरातलं काय? सोसायटीत, बागेत, कॅम्पसमध्ये रोज सकाळी झाडाखालचं पान न्‌ पान झाडून काढायचं आणि कोपऱ्यात पेटवून द्यायचं, ह्याला कुठली गरज आहे? घनकचरा नियमांप्रमाणे बागेतला कचरा जाळायला मनाई आहे, तरी धूर रोज दिसतो.

रस्ता झाडा, वाट झाडा, पार्किंग झाडा, त्याला कोण नाही म्हणतंय. पण मोठ्या झाडांच्या बुंध्याशी, कुंपणाच्या कडेला, मागच्या बाजूला जिथे कोणी जात नाही तिथला पाचोळा तसाच राहू द्यायला काय हरकत आहे? साप येतील ही भीती सगळ्यात आधी सांगितली जाते. साप उंदरांच्या मागे येतात आणि उंदीर येतात उघड्या खरकट्यामुळे, तेव्हा आधी कचऱ्याचे डबे बंद करा. डासांचं म्हणाल तर ते साचलेल्या पाण्यात होतात, बाटल्या, कुंड्या, टायर उचला. पाचोळा दाबून एका ठिकाणी ढीग न करता पसरून ठेवला, कडेने विटांची एक ओळ लावली की नीटनेटकंही दिसतं आणि पावसाळ्यानंतर तीच काळी माती कुंड्यांना वापरता येते. जवळ एक उथळ पाण्याचं भांडं जमिनीवर, सावलीत, रोज पाणी बदलून. एवढ्यावर शहरातल्या बागेतसुद्धा कस्तूर येऊन राहू शकतो, मुंबई-पुण्यात जुनी झाडं असलेल्या जागी तो दिसतो.

बघायला जाणार असाल तर पहाटे उजाडता उजाडता जा किंवा चारनंतर. भडक कपडे नकोत. चालण्यापेक्षा ओढ्याजवळ दाट सावलीत एका जागी वीस मिनिटं बसणं जास्त कामाचं, आणि नजर गुडघ्याच्या खाली ठेवायची. मोबाईलवर त्याचं रेकॉर्ड केलेलं गाणं लावून त्याला बोलवू नका, विणीच्या काळात तो दुसरा नर आला समजून घरटं सोडून धावत येतो आणि तेवढ्यात अंडी उघडी पडतात. फोटोसाठी अळ्या टाकून बोलावणंही तसंच चुकीचं. पानांची खसखस ऐकू आली की आवाजाच्या दिशेने डोकं हळू वळवा, दुर्बीण आधीच हातात असू द्या, आणि पहिल्यांदा नारिंगी रंग शोधायच्या ऐवजी उडणारी पानं शोधा, पक्षी त्यांच्या मागेच असतो.